बर्फांतील चार दिवस : टोकियोचें फसलेलें बंड

फसलेल्या बंडांना इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत सहसा दोनचार ओळींहून अधिक जागा मिळत नाहीं. जो जिंकला त्याची कथा विस्तारानें सांगावयाची आणि जो हरला त्याचें नांव परीक्षेपुरतें पाठ करावयाचें, अशी रीतच पडून गेली आहे. परंतु कांहीं बंडें अशीं असतात कीं, तीं स्वतः विझलीं तरी त्यांनीं लाविलेली आग विझत नाहीं. जपानच्या राजधानींत १९३६ च्या फेब्रुवारींत तरुण लष्करी अधिकाऱ्यांनीं केलेलें बंड हें त्यांपैकींच होय. तें कां झालें, कसें फसलें, आणि फसूनहि त्याचा परिणाम काय झाला, हें आम्ही आमच्या विद्यार्थी मित्रांस व त्यांच्या वडीलधाऱ्यांस थोडक्यांत सांगूं इच्छितों.

१९२९ सालीं जगांत मोठी मंदी आली. जपानी शेतकरी भाताबरोबर रेशमाचे किडे पाळीत असे आणि तें रेशीम मुख्यतः अमेरिकेंत खपत असे. मंदीमुळें रेशमाचा भाव कोसळला. त्यांतच १९३१ व १९३४ सालीं देशाच्या ईशान्य भागांत थंडीनें भाताचें पीक बुडालें. कर्ज फेडण्यासाठीं कित्येक बापांनीं आपल्या मुली शहरांतील दलालांच्या स्वाधीन केल्या. याच घरांतील मुलगे सैन्यांत शिपाई म्हणून भरती होत. आपल्या हाताखालच्या पोराची बहीण विकली गेली, हें कप्तान व लेफ्टनंट यांना त्या पोराच्याच तोंडून ऐकावें लागे. त्यांचें रक्त तापलें यांत नवल नाहीं.

परंतु दुःख खरें असलें म्हणजे त्यावरील उपाय खरा असतोच असें नाहीं. या अधिकाऱ्यांची अशी समजूत झाली कीं, सम्राट निर्दोष आहेत; मात्र मंत्री, राजकीय पक्ष व मोठे भांडवलवाले यांनीं त्यांना वेढून टाकिलें आहे. हीं चार माणसें दूर केलीं कीं सम्राट स्वतः राज्यसूत्रें हातीं घेतील व प्रजा सुखी होईल! १८६८ सालीं मेइजी सम्राटाच्या काळीं जशी सत्तेची पुनःस्थापना झाली, तशीच आतां ‘शोवा पुनःस्थापना’ करावयाची, असा त्यांचा घोष होता. किता इक्कि नांवाच्या लेखकाच्या ग्रंथांतून त्यांना या विचारांचें खाद्य मिळालें होतें.

शिवाय, न्यायाच्या शैथिल्यानेंहि त्यांना धीर आला. १५ मे १९३२ रोजीं तरुण नाविक अधिकाऱ्यांनीं व लष्करी विद्यार्थ्यांनीं मुख्य प्रधान इनुकाइ यांस त्यांच्याच घरांत ठार मारिलें. पण त्या मारेकऱ्यांपैकीं कोणासहि देहांत शासन झालें नाहीं. उलट त्यांच्यावर दया करावी म्हणून लोकांनीं अर्जांचा पाऊस पाडिला. हेतु शुद्ध असला तर खूनहि क्षम्य ठरतो, असा धडा त्यांतून पुष्कळांनीं घेतला. १९३५ च्या ऑगस्टांत एका अधिकाऱ्यानें आपल्याच वरिष्ठ सेनापतीस कचेरींत तरवारीनें मारिलें. पुढें टोकियोंतील पहिल्या डिव्हिजनला मांचुरियास जाण्याचा हुकूम झाला, तेव्हां ‘आतां नाहीं तर कधींच नाहीं’ असें या तरुणांनीं ठरविलें.

२६ फेब्रुवारीच्या पहाटे राजधानी बर्फाखालीं निजली होती. वीसएक तरुण अधिकारी चौदाशेंहून अधिक शिपायांस घेऊन बराकींतून बाहेर पडले. यांतील बहुतेक शिपाई जानेवारींतच भरती झालेले कोवळे पोर होते. आपण कोठें व कशासाठीं चाललों आहों हें पुष्कळांस ठाऊकहि नव्हतें. वरिष्ठाचा हुकूम हाच सम्राटाचा हुकूम, एवढेंच त्यांस शिकविलें होतें.

निरनिराळ्या तुकड्यांनीं एकाच वेळीं निरनिराळीं घरें गांठलीं. लष्करी खर्चास आळा घालूं पाहणारे अर्थमंत्री ताकाहाशि कोरेकियो हे एक्याऐशीं वर्षांचे वृद्ध बिछान्यांतच मारले गेले. माजी मुख्य प्रधान साइतो माकोतो व सैनिकी शिक्षणाचे प्रमुख वातानाबे जोतारो यांचीहि तीच गति झाली. दरबाराचे प्रमुख कारभारी सुझुकि कांतारो यांस गोळ्या लागल्या. शेवटचा वार करूं नका, अशी त्यांच्या पत्नीनें विनंती केली, तेव्हां कप्तान आंदो सलाम करून निघून गेला व सुझुकि वांचले. मुख्य प्रधान ओकादा यांच्या घरांत शिरलेल्या शिपायांनीं त्यांच्या मेहुण्यासच ओकादा समजून ठार केलें. खरे ओकादा मोलकरणीच्या खोलींत लपून राहिले आणि दुसऱ्या दिवशीं प्रेतदर्शनास आलेल्या लोकांत मिसळून निसटले. रक्षण करतांना पांच पोलीसहि पडले.

बंडवाल्यांनीं युद्धखातें, पोलीस मुख्यालय व आसपासचा सरकारी भाग व्यापिला, आणि ते वाट पाहूं लागले. पुढें काय करावयाचें याची पक्की योजना त्यांजपाशीं नव्हती. सम्राट आपला पक्ष घेतील, याच विश्वासावर सारा डाव होता. कांहीं वरिष्ठ सेनापति द्विधा मनानें त्यांस गोंजारीतहि होते. परंतु चौतीस वर्षांचे सम्राट हिरोहितो पहिल्या घटकेपासून संतापले होते. मारले गेले ते त्यांचे विश्वासू सेवक होते, आणि सुझुकींच्या पत्नीनें तर बालपणीं त्यांचा सांभाळ केला होता. सेनापति चालढकल करतात असें पाहून, आपण स्वतः रक्षकदल घेऊन हें बंड मोडूं, असें सम्राटांनीं बजाविलें. ज्यांच्या नांवानें बंड झालें त्यांनींच बंडखोरांस झिडकारिलें!

२७ तारखेस लष्करी कायदा पुकारला गेला. २९ तारखेस सकाळीं रणगाडे व सैन्य यांनीं बंडवाल्यांस वेढिलें. विमानांतून पत्रकें टाकण्यांत आलीं, आकाशांत फुग्याला फलक बांधून सोडण्यांत आला, आणि रेडिओवरून शिपायांस सांगण्यांत आलें कीं, अजून वेळ गेली नाहीं, आपापल्या पलटणींत परत या. एकेक तुकडी परत फिरली. मोठी लढाई न होतां दुपारपर्यंत सर्व आटोपलें. कप्तान नोनाका यानें स्वतःवर गोळी झाडून घेतली; इतर पकडले गेले. त्यांचा खटला बंद दाराआड, वकिलाविना व अपिलाविना चालला. १२ जुलै १९३६ रोजीं पंधरा जणांस, आणि पुढील वर्षीं किता इक्किसह चौघांस, गोळ्या घालण्यांत आल्या.

येथें गोष्ट संपली असें कोणी म्हणेल. पण खरा अनर्थ येथूनच सुरू झाला. बंड मोडणारे सेनापति आतां मंत्र्यांस म्हणूं लागले कीं, आमचें ऐका, नाहींतर तरुण मंडळी पुन्हां भडकतील. १९३६ च्या मे महिन्यांत असा नियम पुन्हां आणिला गेला कीं, युद्धमंत्री व आरमारमंत्री हे चालू नोकरींतील सेनापतीच असावेत. याचा अर्थ, सैन्यानें माणूस दिला नाहीं तर मंत्रिमंडळ बनूंच शकत नाहीं. १९३७ च्या जानेवारींत उगाकि यांस याच कारणानें मंत्रिमंडळ बनवितां आलें नाहीं. १९४० सालीं योनाइ यांचें मंत्रिमंडळ याच युक्तीनें पाडण्यांत आलें. खर्चास आळा घालणारा ताकाहाशींसारखा वृद्ध मंत्री आतां नव्हता, आणि जे होते त्यांस त्याचें मरण आठवत होतें. १९३७ च्या जुलैंत चीनशीं युद्ध पेटलें, १९४१ च्या डिसेंबरांत तें पॅसिफिक महासागरांत पसरलें. १९४५ च्या ऑगस्टांत शरणागतीच्या वेळीं जपानचे मुख्य प्रधान कोण होते? त्या बर्फाळ पहाटे वांचलेले तेच सुझुकि कांतारो. ज्या गरीब खेड्यांच्या नांवानें बंड झालें, त्यांच्याच मुलांनीं या युद्धांत लाखांनीं प्राण गमाविले.

हे तरुण देशभक्त होते कीं देशद्रोही, असा प्रश्न आमचे विद्यार्थी विचारतात. आमचें उत्तर असें कीं, हा प्रश्नच अपुरा आहे. त्यांची कळकळ खरी होती. पण कळकळ ही दिव्याची वात आहे, ती हातांत धरून घराला आग लावणाऱ्यास प्रकाश दिल्याचें श्रेय मिळत नाहीं. आपला हेतु शुद्ध आहे, म्हणून दुसऱ्याच्या जिवाचा हिशोब आपणांस माफ आहे, असें ज्या दिवशीं मनुष्य मानूं लागतो, त्या दिवशीं त्याची सद्बुद्धि त्यास सोडून जाते.

शेवटीं एका मुलीविषयीं सांगितलें पाहिजे. सेनापति वातानाबे मारले गेले तेव्हां त्यांची नऊ वर्षांची कन्या काझुको त्याच खोलींत होती; तिच्या डोळ्यांदेखत बाप पडला. ती मोठी होऊन ख्रिस्ती जोगीण झाली, ओकायामा येथील स्त्रियांच्या विद्यापीठाची प्रमुख झाली, आणि २०१६ सालीं वारली. आपल्या पित्याच्या मारेकऱ्यांस क्षमा करणें आपणांस सोपें गेलें, असें तिनें कधीं भासविलें नाहीं. तरीहि १९८६ सालीं, त्या देहांत शासन झालेल्या अधिकाऱ्यांच्या स्मरणविधीस ती गेली व त्यांच्या आप्तांसह उभी राहिली. चौदाशें बंदुकांनीं चार दिवसांत जें साधलें नाहीं, तें या एका स्त्रीनें आयुष्यभर शाळेंत शिकवून, आणि शेवटीं शत्रूच्या दारीं चार पावलें चालून साधलें. आमच्या मुलामुलींनीं वीर कोणास म्हणावें, याचा विचार त्यांनीं स्वतःच करावा.