उभ्या धानात लाखोळी

उभ्या धानात, कापणीपूर्वी, दुसऱ्या पिकाचे बी फेकून देण्याच्या पद्धतीला उतेरा म्हणतात. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात, केशोरीच्या परिसरात, हे दुसरे पीक बहुधा लाखोळी या कडधान्याचे असते. नांगर नाही, खत नाही, स्वतंत्र ओलीत नाही. धानाने मागे ठेवलेल्या ओलीवर हे पीक वाढते. शाश्वत शेतीची तत्त्वे म्हणून आज जे शिकवले जाते, त्यातली बरीचशी या एका पेरणीत सापडतात.

ओल टिकते ती जमिनीमुळे आणि बांधीच्या रचनेमुळे. धुरे (मातीचे बांध) घालून केलेल्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरे, पावसाचे पाणी जागीच अडवतात. पाऊस दडी मारतो तेव्हा तलाव आणि बोड्या (छोटी तळी) आधाराला असतात. या भागातले अनेक जुने तलाव कोहळी समाजाने बांधले. तलावाचा गाळ शेतात टाकला की तलाव खोल होतो आणि बांधी कसदार होते. धुऱ्यावर तूर लावतात, त्यामुळे पाणी अडवणारी मातीही रिकामी राहत नाही. ओल धरणारी कन्हार आणि मोरांड जमीन लाखोळीला मानवते. हलकी जमीन लवकर सुकते, तिथे उतेरा साधत नाही.

परे (रोपे) टाकणे, चिखलणी, रोवणी, निंदण ही धानाची कामे नेहमीसारखीच होतात. कस लागतो तो कापणीआधीच्या पंधरा दिवसांत. बांधीतले पाणी उतरलेले, पण चिखल अजून मऊ असतो. पिवळ्या पडू लागलेल्या धानातून वाट काढत मूठ-मूठ बी फेकले जाते. करडे, कोनेदार दाणे ताटांवर आपटत खाली जातात आणि चिखलात अर्धे रुततात. पाणी साचलेले असेल तर बी कुजते, माती आवळली असेल तर ते वरच राहते आणि पाखरे टिपतात. पंधरा दिवस हा आकडा म्हणूनच ढोबळ आहे. खरा निर्णय चिखलात पाय टाकून होतो.

धान कापला जातो तेव्हा खाली कोवळे हिरवे कोंब उभे असतात. कापलेल्या धानाच्या कडपा त्यांच्यावर फार दिवस पडून राहिल्या तर कोंब पिवळे पडतात. पुढे मशागत जवळजवळ नाही. कोवळ्या शेंड्यांची भाजी होते, डाळीचे वडे होतात, कुटार गुरांना जाते. मुळांवरच्या गाठींतले जीवाणू हवेतला नत्र जमिनीत बांधतात, आणि धानाने खाल्लेले थोडे तरी बांधीला परत मिळते.

लाखोळीवर मोठा ठपकाही आहे. दाण्यात ओडॅप नावाचे विषारी द्रव्य असते. दुष्काळात दुसरे काही नसताना महिनोन्‌महिने लाखोळीच खाल्ली, तर पाय कायमचे लुळे पडू शकतात. १९६१ मध्ये देशात तिच्या विक्रीवर बंदी आली. महाराष्ट्रात ती पुढे उठवली गेली. दाणे गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकल्यास विष कमी होते. रतन, प्रतीक, महातिवडा या वाणांत ते मुळातच कमी आहे. रोग झाला तो एकाच दाण्यावर जगण्याची पाळी आल्यामुळे, हे बंदीच्या चर्चेत अनेकदा मागे पडले.

आज उतेऱ्याला अडचण आहे ती वेगळीच. हार्वेस्टरची जड चाके कोवळे कोंब चिरडतात. मजूर मिळत नाहीत म्हणून यंत्र येते, आणि यंत्र येणार म्हटल्यावर लाखोळी फेकली जात नाही. धान उचलल्यावर मोकाट सुटणारी गुरे उरलेले पीक खातात. एकट्याने राखण करणे परवडत नाही. जिथे पाणी पोचते तिथे उन्हाळी धान घेतला जातो. त्याला हमीभावाची आशा असते, पण पाणी भरपूर लागते आणि जमिनीला उसंत मिळत नाही.

त्यामुळे उतेरा टिकवायचा तर बियाणे वाटून भागत नाही. चराईबंदी गावाने मिळून पाळावी लागते, कापणीची पद्धत आधी ठरवावी लागते आणि लाखोळीला बाजार लागतो. एवढे जमले तर धानाने मागे ठेवलेल्या त्या ओलीवर, वेगळे पाणी न देता, एक पीक निघते.