खांदेरीचा वाद आणि सागरी हक्काविषयी लहान राष्ट्राची दृष्टी

मुळशी तालुक्याच्या पश्चिम कडेस सह्याद्री एकाएकी तुटतो आणि खाली कोकण पसरलेले दिसते. ताम्हिणीची वाट येथूनच उतरते. कोरीगड व घनगड हे किल्ले अशाच घाटवाटांवर नजर ठेवून उभे आहेत. ह्या वाटांनी मीठ व बंदरांतील माल देशावर चढत असे. त्यामुळे समुद्रावर हक्क कोणाचा, हा प्रश्न पौड मावळासारख्या डोंगरी मुलुखालाही परका नव्हता. सागरी सीमांचे वाद लहान राष्ट्राने कसे सोडवावेत, ह्याचा विचार आज जगभर चालू आहे. त्याचा एक बोधप्रद दाखला ह्याच किनाऱ्याच्या इतिहासात आढळतो.

जमिनीवर प्रबळ होत असलेले स्वराज्य सतराव्या शतकात समुद्रावर मात्र लहान सत्ताच होते. पोर्तुगीज आपल्या परवान्यावाचून इतरांच्या जहाजांस फिरू देत नसत; जंजिऱ्याच्या सिद्दीचे आरमार किनाऱ्यावरील गावे लुटी; आणि पावसाळ्यात त्या आरमारास मुंबईच्या इंग्रजी बंदरात आसरा मिळे. शिवाजी महाराजांनी आरमार उभारले, तसाच करारांचा मार्गही धरला. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला. वादळाने किनाऱ्यास लागलेल्या जहाजांचा माल परत मिळावा, अशी इंग्रजांची एक मागणी होती. ती महाराजांनी नाकारली. असा माल परत करणे कोकणच्या प्राचीन रिवाजाविरुद्ध आहे, आणि एकास सवलत दिली तर फ्रेंच व डचही ती मागतील, असे त्यांचे उत्तर होते. रिवाजाचे गुणदोष काहीही असोत, नियम सर्वांस सारखा असावा ही दृष्टी त्या उत्तरात स्पष्ट आहे.

१६७९ च्या पावसाळ्याअखेर मायनाक भंडारी ह्याने मुंबईच्या दक्षिणेस सुमारे २० किलोमीटरवर, थळच्या किनाऱ्यासमोर असलेल्या खांदेरी बेटावर तटबंदीस आरंभ केला. हे बेट मुंबईच्या हद्दीत मोडते, असा दावा करून इंग्रजांनी ते सोडण्यास सांगितले. धन्याच्या आज्ञेवाचून बेट सोडणार नाही, असा जबाब त्यांस मिळाला. सप्टेंबरात चकमक झडली; १८ ऑक्टोबरच्या लढाईत ‘डव्ह’ हे इंग्रजी गलबत मराठ्यांच्या हाती पडले. युद्धाचा खर्च बेटाच्या मोलापेक्षा अधिक होईल हे सुरतेच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी ओळखले, आणि १६८० च्या आरंभी वाटाघाटींनी तह झाला. खांदेरी मराठ्यांकडेच राहिली.

हा वाद निव्वळ शांततेने मिटला असे म्हणता येणार नाही. शिवाय त्याच सुमारास सिद्दीने शेजारचे उंदेरी बेट बळकाविले आणि दोन्ही बेटांवरून तोफा सुरू झाल्या. दोघांमधील तह तिसऱ्यास बांधीत नाही, ही त्यातील उणीव होय. सर्वांस लागू होणारा कायदा आणि वादाचा निवाडा करणारे त्रयस्थ पीठ ह्या दोन्हींचा त्या काळी अभाव होता.

तो अभाव विसाव्या शतकात पुष्कळ अंशी भरून निघाला. संयुक्त राष्ट्रांचा सागरी कायद्याविषयीचा करार १९८२ साली झाला व १९९४ साली अमलात आला. प्रादेशिक समुद्र १२ सागरी मैलांपर्यंत आणि अनन्य आर्थिक क्षेत्र २०० सागरी मैलांपर्यंत, असे माप त्याने ठरविले. त्याचा उपयोग बांगला देशाने करून घेतला. त्याचा किनारा आत वळलेला असल्यामुळे दोन्ही किनाऱ्यांपासून समान अंतरावर रेषा आखल्यास त्याच्या वाट्यास अरुंद पट्टा येई. भारताशी अनेक वर्षे बोलणी होऊनही प्रश्न सुटेना, तेव्हा ऑक्टोबर २००९ मध्ये त्याने लवादाची मागणी केली. ७ जुलै २०१४ रोजी निवाडा झाला. वादग्रस्त सुमारे २५,६०२ चौरस किलोमीटरांपैकी १९,४६७ बांगला देशास मिळाले. तथापि १८० अंशांची जी रेषा त्याने मागितली होती, ती एकशे साडेसत्याहत्तरावर, म्हणजे १७७ अंश ३० कलांवर आली. आणि १९८१ साली ज्याच्यासाठी भारताने युद्धनौका पाठविल्या होत्या, त्या न्यू मूर उर्फ दक्षिण तालपट्टी बेटाची जागा भारताच्या बाजूस राहिली. ते बेट तत्पूर्वीच पाण्याखाली गेले होते. उभय राष्ट्रांनी निवाडा मानला.

ह्या दोन उदाहरणांवरून लहान राष्ट्राची भूमिका स्पष्ट होते. शांततेचा आग्रह म्हणजे दुर्बलाची याचना नव्हे. जेथे प्रत्येक वाद बळाने सुटतो, तेथे लहान सत्तेस प्रत्येक वेळी खांदेरीसारखी झुंज द्यावी लागते आणि प्रत्येक वेळी यश येईलच असे नाही. लिखित नियमापुढे मात्र दोन्ही पक्षांचे वजन सारखे होते. म्हणूनच आपल्या विरुद्ध जाणारा निवाड्याचा भागही मान्य करणे हे लहान राष्ट्राच्याच हिताचे आहे. कारण आज जो नियम त्याला एका बेटास मुकवितो, तोच उद्या त्याच्या समुद्राचे रक्षण करणार असतो.