गाई, बाई, शाई आणि मशीन

वाशी म्हटलं की बाहेरच्या माणसाला नवी मुंबईचं रेल्वे स्टेशन आठवतं. आमची वाशी धाराशिव जिल्ह्यातली. फटाक्यांसाठी सगळ्या मराठवाड्याला ठाऊक असलेलं तेरखेडा याच तालुक्यात येतं. निकालाच्या दिवशी शेवटची फेरी संपायच्या आत इथं गुलाल उडतो, लडी वाजतात. ज्यांच्या दारात लड वाजत नाही, त्यांच्या ग्रुपवर संध्याकाळपर्यंत एकच वाक्य फिरायला लागतं: 'मशीन सेट होती.'

आता आपल्याच जिल्ह्याचा हिशेब बघा. जून २०२४ मध्ये लोकसभेला ओमराजे निंबाळकर ३,२९,८४६ मतांनी निवडून आले. नोव्हेंबरमध्ये विधानसभेला भूम-परंडा-वाशीत तानाजी सावंत राहुल मोटेंच्या पुढे राहिले ते फक्त १,५०९ मतांनी. तुळजापूर भाजपकडे गेलं, तर धाराशिव आणि उमरगा उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेकडे. जिल्ह्यात चार जागा, दोन्ही बाजूंना दोन-दोन. मतदान सगळीकडे मशीनवरच. शंका मात्र जिथं आपला माणूस पडला, तिथंच उगवली.

राज्यातही तेच. जूनमध्ये महाविकास आघाडीला ४८ पैकी ३० जागा मिळाल्या, तेव्हा त्या बाजूला मशीनचा विषय मागे पडला. नोव्हेंबरमध्ये महायुतीनं २३० जागा घेतल्या आणि तोच विषय पहिल्या पानावर आला. हे एकाच बाजूचं दुखणं आहे असं कुणी समजू नये. २००९ ची लोकसभा हरल्यावर मशीनवर बोट ठेवणारा पक्ष भाजप होता. पुढच्याच वर्षी जी. व्ही. एल. नरसिंह राव यांनी मशीनविरोधात अख्खं पुस्तक लिहिलं आणि त्याला प्रस्तावना होती लालकृष्ण अडवाणींची!

मग मतपत्रिका परत आणल्या की संशय संपेल? इथं १९७१ ची गोष्ट सांगायलाच हवी. इंदिरा गांधींच्या काँग्रेसनं ३५२ जागा जिंकल्या. चिन्ह होतं गाय-वासरू. जनसंघाचे बलराज मधोक दिल्लीत हरले आणि त्यांनी आरोप केला की मतपत्रिकांवर रसायन लावलेलं होतं. मतदारानं मारलेला शिक्का काही दिवसांत उडून जातो आणि गाय-वासरावर आधीच मारून ठेवलेला अदृश्य शिक्का वर येतो, ही शाई रशियातून आली, असा त्यांचा दावा. महाराष्ट्रात तर 'गाई, बाई आणि शाई' हे यमकच गाजलं. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. नमुन्यादाखल काही मतपत्रिका तपासायला कोर्टानं मुभा दिली. जादूची शाई काही सिद्ध झाली नाही. म्हणजे मशीन नव्हती तेव्हा कागदावर संशय होता.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत जोसेफ उसिन्स्की आणि जोसेफ पॅरेंट या दोन अभ्यासकांनी एका मोठ्या वर्तमानपत्राकडे आलेली एक लाखाहून जास्त वाचकपत्रं चाळली. १८९० पासूनची! त्यांना दिसलं ते असं की सत्ता ज्याच्या हातात, त्याच्याविरुद्ध कटाचे आरोप वाढतात. सत्ता फिरली की आरोपांचं तोंडही फिरतं. आपल्या पारावर बसणाऱ्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला हे पटेल.

अफवा किती झटपट पिकते ते २०२४ च्या विधानसभेला धुळे ग्रामीणमध्ये दिसलं. अवधान गावात काँग्रेसचे कुणाल पाटील यांना शून्य मतं पडली, असा मेसेज राज्यभर फिरला. 'घरच्यांनीही मत दिलं नाही का?' हा सवाल इतका चपखल की आकडा बघायला कुणी थांबलंच नाही. प्रत्यक्षात तिथं त्यांना १,०५७ मतं होती.

आणि एक गोष्ट आपल्या शेजारची, मनाला लागणारी. गोपीनाथ मुंडे ३ जून २०१४ रोजी दिल्लीत मोटार अपघातात गेले. बीड आणि धाराशिवमधल्या कितीतरी घरांत त्या दिवशी चूल पेटली नाही. सीबीआयनं तपास करून अपघातच असल्याचं सांगितलं. तरी जानेवारी २०१९ मध्ये लंडनच्या एका कार्यक्रमात, तोंड झाकून पडद्यावर आलेल्या एका माणसानं मशीनचं गुपित कळल्यामुळे मुंडेंचा खून झाला, असा दावा केला. पुरावा एकही दिला नाही. तरी कित्येकांना तो खरा वाटला, कारण आपला माणूस असा अचानक जातो हे मनाला पटतच नसतं. दुःखात असलेल्यांच्या मनाशी असा खेळ करणं मला अक्षम्य वाटतं.

याचा अर्थ शंका घेऊच नये असा नाही. हरियाणातल्या बुआना लाखू गावात २०२२ च्या सरपंच निवडणुकीत हरलेला उमेदवार कोर्टात गेला. सुप्रीम कोर्टानं मशीन मागवून २०२५ मध्ये आपल्या आवारात फेरमोजणी करवली. निघाली १,०५१ विरुद्ध १,००० मतं, आणि हरलेला उमेदवार ५१ मतांनी जिंकला! त्याची शंका एका बूथवर, एका आकड्यावर बोट ठेवणारी होती, म्हणून ती तपासता आली. 'सगळंच मॅनेज आहे' ही शंका कुणाला, कुठून तपासता येणार?

म्हणून वाशीकरांना, आणि दोन्ही बाजूंच्या कार्यकर्त्यांना हात जोडून विनंती. विधानसभा-लोकसभेला मतदान सातला सुरू होतं, पण बूथवर त्याआधी दीड तास एजंटांसमोर अभिरूप मतदान होतं. किमान ५० मतं टाकून, व्हीव्हीपॅटच्या छापील चिठ्ठ्या मोजून मशीनच्या आकड्याशी जुळवायच्या असतात. त्या वेळी कितीतरी पक्षांचे एजंट अजून अंथरुणात असतात. संध्याकाळी १७-सी नावाचा फॉर्म मिळतो, त्यावर त्या मशीनमधल्या एकूण मतांचा आकडा असतो. पुढच्या वेळी साडेपाचला बूथवर हजर राहा, तो फॉर्म घेतल्याशिवाय घरी जाऊ नका, आणि मोजणीच्या टेबलावर तोच आकडा पडताळा. आपला उमेदवार जिंकणार अशी खात्री असली, तरीही.