स्कॉच चाखायला वऱ्हाडी नाक पुरेसं आहे

अमरावती-अकोल्याकडे स्कॉचची बाटली घरात आली की तिच्यासोबत नियमही येतात : पाणी घालायचं नाही, बर्फ तर नाहीच, ‘रूम टेंपरेचर’लाच घ्यायची. हे नियम एकदा तपासून पाहायला हवेत.

पाण्याने स्कॉच बिघडते, हा समज सगळ्यांत घट्ट. प्रत्यक्षात डिस्टिलरीतच तिच्यात पाणी पडलेलं असतं. ओकच्या पिंपात भरताना मद्यार्क साधारण ६३.५ टक्के ठेवतात. बाटलीत येते ती बहुतेक वेळा पाणी घालून ४० ते ४६ टक्क्यांवर आणलेली. ४० ही कायद्याची किमान मर्यादा. कार्लसन आणि फ्रीडमन या स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकावर दाखवून दिलं, की धुराचा वास देणारा ग्वायकोल मद्यार्क फार असताना द्रवाच्या आत दडून राहतो आणि पाणी वाढलं की पृष्ठभागाशी येतो. दारूचं मिश्रण ठरवणारे तज्ज्ञ तर वास घेण्यासाठी ती २० टक्क्यांपर्यंत पातळ करतात. चार थेंब घाला, वास घ्या, पुन्हा चार घाला.

आता ‘रूम टेंपरेचर’. कोणत्या रूमचं? स्कॉटलंडमधल्या गार खोलीचं. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. त्या खोलीतल्या ग्लासातून आधी मद्यार्काची वाफच नाकात चढते आणि बाकीचे वास तिच्याखाली दबतात. बाटली थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवण्यात काही चूक नाही. बर्फाने ग्लास भरला तर मात्र वास मिटून जातात. एखादा लहान खडा आपल्या उन्हाळ्यात खुशाल चालावा.

चाखण्याचं खरं काम नाकाचं. तोंडाशी निमुळता होणारा ग्लास, त्यात १५-२० मिली, ओठ किंचित उघडे, नाक ग्लासाच्या काठाशी. आत खुपसायचं नाही. चवीचं वर्णन करायला परदेशी शब्द पाठ लागतात, हा तर सर्वांत नुकसान करणारा गैरसमज, कारण त्यामुळे माणूस स्वतःला काय जाणवलं ते सांगायलाच बिचकतो. हीदरची झुडपं आपण पाहिलेली नाहीत, पण वरुड-मोर्शीच्या संत्र्याची साल नखाने सोललेली आहे. शेरीच्या पिंपात मुरलेल्या स्कॉचमध्ये तसा वास अनेकदा सापडतो, सोबत मनुका. अमेरिकन बर्बनच्या पिंपातून व्हॅनिला आणि ओल्या खोबऱ्याची छटा येते. आयला बेटावरच्या अनेक स्कॉचसाठी मोड आलेली बार्ली पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या जळाऊ मातीच्या, धुरावर वाळवतात. तो धूर ओळखायला हुरड्याच्या आगटीजवळ बसलेलं नाक पुरेसं आहे. आयलावरच्याच लाफ्रॉयगमध्ये त्या धुरामागे टिंक्चर आयोडीनही येतं. काहींना ते अजिबात सोसत नाही, आणि त्यात कमीपणा नाही. ठेचा आणि तिखट शेव मात्र चाखून झाल्यावर. जिभेला मिरची लागल्यावर बारकावे कळत नाहीत.

गडद रंग म्हणजे जुनी दारू, हेही खरं नाही. रंगासाठी साधा कॅरॅमल घालायला कायद्याची परवानगी आहे. लेबलवरचं ‘१२ वर्षे’ म्हणजे मिश्रणातल्या सर्वांत तरुण दारूचं वय, आणि बाटलीत गेल्यावर ते वाढत नाही. कपाटात वीस वर्षं जपलेली बाटली तेवढीच राहते. ‘सिंगल माल्ट’ म्हणजे एका पिंपातली नव्हे, एका डिस्टिलरीतली. चांगल्या ब्लेंडला कमी लेखण्याचं कारण मला दिसत नाही.

गोव्याची पॉल जॉन किंवा बेंगळुरूची अमृत यांना स्कॉच म्हणता येत नाही, ते दर्जामुळे नव्हे. स्कॉच स्कॉटलंडमध्येच बनून किमान तीन वर्षं तिथेच ओकच्या पिंपात मुरावी लागते. तिथे वर्षाला साधारण २ टक्के दारू उडून जाते, आपल्या उष्णतेत त्याच्या कितीतरी पट. त्याच उष्णतेमुळे आपल्याकडची माल्ट कमी वर्षांत मुरते.

चिखलदऱ्याच्या थंडीत पेगने ऊब येते, असं सर्रास म्हणतात. दारूने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंग गरम वाटतं, पण शरीरातली उष्णता बाहेर जाते. उबेसाठी तिथली कॉफी बरी.

शेवटचा समज जिवावर बेतणारा : काडी लावली आणि निळी ज्योत आली की माल अस्सल. विषारी मिथेनॉलही निळसरच जळतं. वासावरून किंवा चवीवरूनही ते ओळखता येत नाही. बाटली परवाना असलेल्या दुकानातूनच, सील पाहून घ्यावी.