हतनूरच्या पाण्याचा दुसरा हिशेब

वरणगावात ग्रामपंचायत जाऊन नगरपरिषद आली. भुसावळ तर चहूबाजूंनी वाढतेच आहे. कापूस-ज्वारीच्या रानात प्लॉट पडले, नळ वाढले. नळाला येते ते पाणी तापीचेच. रावेर, यावल, चोपड्याच्या शेतीबरोबर भुसावळ शहर, रेल्वे आणि दीपनगरचे वीज केंद्र यांचाही भार हतनूर धरणावर आहे. त्यात पूर्णेच्या गाळाने धरणाचा साठा घटतो आहे.

पिण्याच्या पाण्याला पहिला मान, याबद्दल कुणाची तक्रार नाही. राज्याच्या 2003 च्या जलनीतीत त्यानंतर उद्योग आणि मग शेती होती. 2011 मध्ये शेती दुसऱ्या क्रमांकावर आली. पण धरणातच पाणी कमी असले, तर कागदावरचा क्रमांक पाटात उतरत नाही.

म्हणून शहराने वापरून सोडलेल्या पाण्याचाही हिशेब मांडला पाहिजे. भुयारी गटार असलेल्या शहराला माणशी रोज 135 लिटर पाणी आणि त्यातले 80 टक्के सांडपाणी, असे प्रमाण धरतात. 2011 च्या जनगणनेत भुसावळची लोकसंख्या सुमारे 1 लाख 87 हजार होती. या प्रमाणाने सांडपाणी होते रोज सुमारे 2 कोटी लिटर. एका पाळीला 5 सेंटिमीटर पाणी धरले, तर हे रोज 40 हेक्टरांना पुरेल.

केंद्राच्या 2016 च्या वीजदर धोरणात एक महत्त्वाची अट आहे. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रापासून 50 किलोमीटरच्या आतील औष्णिक वीज केंद्राने ते शुद्ध केलेले पाणी वापरायचे. दीपनगर तर भुसावळच्या वेशीवर आहे. तिथे जेवढे शुद्ध सांडपाणी जाईल, तेवढे धरणाचे पाणी वाचेल.

मात्र शेतकरी बंधूंनो, नाल्याचे पाणी जसेच्या तसे मोटार लावून उचलू नका. मेथी, कोथिंबीर, मुळा यांना ते अजिबात देऊ नये. जंत आणि रोग थेट ताटात येतात. काळ्या जमिनीचा निचरा मंद, त्यामुळे क्षार साचून ती चोपण होण्याची भीती असते. शुद्ध केलेले पाणी मिळाले तरी आधी पाणी-माती तपासून घ्या. शहरी कचऱ्याचे कंपोस्ट घेतानाही तपासणीचा दाखला मागा.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि सदस्यांनी एवढे करावे : शहराचे सांडपाणी किती, शुद्ध किती होते आणि जाते कुठे, हे लेखी विचारावे. तसा ग्रामसभेत ठराव घ्यावा आणि कालवा सल्लागार समितीपुढे ठेवावा. आवर्तन मागताना हा हिशेब हातात असला, तर आपले म्हणणे वजनदार होते.