शब्दओळख : लाथ झाडणारं विशेषण

गेल्या आठवड्यात आपण ‘स्टबर्न’ पाहिला. घरात एकटा बसलेला माणूसही स्टबर्न असू शकतो, आणि सदऱ्यावरचा हळदीचा डागही. ‘रिकॅल्सिट्रंट’चं तसं नाही. तो वापरायचा तर समोर हुकूम सोडणारा कुणीतरी लागतो. उच्चार करताना जोर ‘कॅल्’वर द्यायचा.

लॅटिनमध्ये ‘काल्क्स’ म्हणजे टाच. घोडा मागच्या पायांनी लाथ झाडतो, त्या क्रियेचं लॅटिन क्रियापद या विशेषणाच्या मुळाशी आहे. फ्रेंचमार्गे ते एकोणिसाव्या शतकात इंग्रजीत रुळलं. घोडा मागे राहिला, लगाम मात्र बरोबर आला. म्हणून मुख्याध्यापक विद्यार्थ्याला किंवा पक्षश्रेष्ठी बंडखोर आमदाराला रिकॅल्सिट्रंट म्हणतात. विद्यार्थी मुख्याध्यापकांना तसं म्हणाला, तर व्याकरण बिघडत नाही, पण ऐकणारा दचकतो.

अमेरिकी कायद्यात ‘रिकॅल्सिट्रंट विटनेस’ आहे. आपल्याकडचा फितूर साक्षीदार बोलतो, पण जबाब फिरवतो. हा मात्र न्यायालयाने आदेश देऊनही तोंडच उघडत नाही. संघीय कायद्यानुसार अशा साक्षीदाराला जास्तीत जास्त 18 महिने डांबून ठेवता येतं. 2005 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पत्रकार ज्युडिथ मिलर यांनी बातमीमागची व्यक्ती उघड करायला नकार दिला आणि 85 दिवस तुरुंगात काढले. न्यायालयाच्या लेखी तो हुकूमभंग होता. अनेक पत्रकारांच्या लेखी ती निष्ठा होती.

वनस्पतिशास्त्रात तर हे विशेषण चक्क बियांना लागतं. बियाणं टिकवायचं तर ते चांगलं सुकवून उणे 18 अंश सेल्सियसला ठेवायचं, हा बीजपेढीचा शिरस्ता. तो मानणाऱ्या बिया ‘ऑर्थोडॉक्स’. सुकवताच मरणाऱ्या ‘रिकॅल्सिट्रंट’. ही विभागणी ई. एच. रॉबर्ट्स यांनी 1973 मध्ये मांडली. आंबा, फणस, कोको, रबर हे सगळे दुसऱ्या गटातले. कोकणातले रोपवाटिकावाले कोयी साठवून ठेवत नाहीत. ताज्याच लावतात आणि पानं तांबूस असतानाच त्या कोवळ्या रोपावर कोयकलम बांधतात. आंबा पिकून गळतो तोच पावसाच्या तोंडावर. ओली जमीन समोर असताना कोयीने कोरडं होऊन वाट पाहायची कशाला? तिचा काही हट्ट नाही. नियम पेढीचा, तो मोडल्याचा ठपकाही पेढीचाच.

तेव्हा लिहिताना एवढं तपासा : हुकूम कुणाचा मोडला? उत्तर सापडलं तर ‘रिकॅल्सिट्रंट’ बेलाशक वापरा. नाही सापडलं तर ‘स्टबर्न’वर भागवा. आणि बातमीत तो वाचाल तेव्हा बातमी कुणाच्या बाजूने लिहिली आहे, हेही कळेल.

पुढच्या आठवड्यात : स्पेनच्या राजकारणातून आलेला ‘इन्ट्रान्सिजंट’.