पालथे निजण्याआधी

मंडळाच्या गणपतीत भेटलेल्या बऱ्याच जणींनी माझ्या पाठीच्या ऑपरेशनची आपुलकीने चौकशी केली. टाके किती, स्क्रू किती, घरी कधी सोडले, हेच बहुतेक प्रश्न. पण जे कोणी विचारले नाही, तेच मला सांगायचे आहे.

माझ्या कमरेचा चौथा मणका पाचव्यावरून पुढे सरकला होता. पोळ्या लाटायला दहा मिनिटे उभी राहिले की डावा पाय बधिर व्हायचा. गोळ्या, व्यायाम, इंजेक्शने सगळे झाले आणि शेवटी २०२४ च्या मार्चमध्ये लहान छेदांतून ते दोन मणके जोडायचे ठरले. हॉस्पिटलच्या फॉर्मवर मी मधुमेह लिहिला, रक्तदाब लिहिला. उजवा खांदा दोन वर्षे आखडलेला आहे, हे मात्र लिहिले नाही. पाठीच्या ऑपरेशनशी खांद्याचा काय संबंध?

तो संबंध भूलतज्ज्ञांनी दाखवला. आधीच्या तपासणीत ते म्हणाले, "दोन्ही हात वर करून दाखवा." डावा गेला, उजवा खांद्यापाशीच अडला. "हे आज कळले ते बरे झाले," ते म्हणाले. "आम्ही तुम्हाला तीन-चार तास पालथे ठेवणार, हात डोक्याच्या दोन्ही बाजूंना. भूल दिल्यावर खांदा ओढला गेला तरी तुम्ही ओरडणार नाही." माझा उजवा हात मऊ गादीत गुंडाळून अंगालगत ठेवायचे ठरले. तसे करताना एक्स-रे यंत्राच्या आड तो येणार नाही ना, हेही त्यांनी सर्जनशी बोलून घेतले.

मग मी सगळेच विचारून घेतले. या टेबलावर शरीराचा भार छातीवर आणि कमरेच्या दोन्ही हाडांवर असतो. पोट मोकळे लोंबते ठेवतात. पोट दाबले गेले तर तिथल्या मोठ्या शिरेवर दाब येतो, मणक्यांभोवतीच्या शिरा रक्ताने फुगतात आणि रक्तस्राव वाढतो. छेद लहान असल्याने सर्जन बरेचसे काम एक्स-रेच्या पडद्यावर पाहून करतात. म्हणून टेबलही किरण आरपार जाणारे लागते. पाय बऱ्यापैकी सरळ ठेवतात, कारण त्याने कमरेचा नैसर्गिक बाक टिकतो. हा बाक महत्त्वाचा, कारण जोडलेले मणके पुन्हा वाकत नाहीत.

चेहरा फोमच्या उशीत असतो, पण डोळ्यांवर काहीही टेकू देत नाहीत. लांबलेल्या ऑपरेशननंतर दृष्टी जाण्याचे प्रकार क्वचित का होईना घडलेले आहेत. कोपरे आणि गुडघे यांखाली गाद्या असतात.

एवढी काळजी घेऊनही माझ्या मांडीची बाहेरची बाजू सहा आठवडे बधिर होती. कमरेच्या हाडाजवळून जाणारी त्वचेची नस दबली होती. डॉक्टरांनी तशी शक्यता आधी सांगितली होती, म्हणून मी घाबरले नाही. आता ती पूर्ण बरी आहे.

आपल्यावर किंवा घरच्या वडीलधाऱ्यांवर अशी वेळ आली, तर एवढे जरूर करावे. ऑपरेशन पालथे, कुशीवर की उताणे निजवून होणार, ते विचारावे. आखडलेला खांदा, ताठ मान, बदललेला गुडघा किंवा खुबा, काचबिंदू, हातापायांना मुंग्या, पेसमेकर यांपैकी जे असेल ते न विचारताही सांगावे. मधुमेह असल्यास नसा दाबाला लवकर दुखावतात, हेही ध्यानात ठेवावे. आई-वडील भारतातून आलेले असतील आणि इंग्रजीत बोलायला संकोचत असतील, तर त्या भेटीला मुलांनी बरोबर जावे. हॉस्पिटलकडे दुभाषाही मागता येतो.

"एवढ्यातेवढ्याचे काय सांगायचे" ही आपली जुनी सवय. पण एकदा भूल चढली की आपल्या वतीने बोलणार ती आधी सांगितलेली माहितीच.